शार्दूल वर्गाचे जहाज पुळणीला कसे लागते: नकाशा, भरती आणि कागदावरचा हिशेब

जिथे धक्का नाही, क्रेन नाही आणि बंदरही नाही, अशा किनाऱ्यावर रणगाडे आणि माणसे थेट वाळूवर उतरवणे हे एल.एस.टी., म्हणजे लँडिंग शिप टँक, या जातीच्या जहाजाचे काम आहे. बाकीची सगळी जहाजे तळ टेकू नये म्हणून आयुष्यभर जपतात. हे जहाज मात्र मुद्दाम तळ टेकवते, आणि पुन्हा सुटून येता येईल अशाच बेताने टेकवते. भारतीय नौदलातील शार्दूल वर्गाची तीन जहाजे, शार्दूल, केसरी आणि ऐरावत, याच जातीची आहेत. एखाद्या पुळणीला असे जहाज लागू शकेल की नाही, लागले तर कुठे टेकेल आणि किती वेळ थांबू शकेल, हे नकाशा, भरती-ओहोटीचे कोष्टक आणि जहाजाचे दोन-तीन आकडे हाताशी असतील तर घरबसल्या कागदावर काढता येते. तो हिशेब कसा करावा हे पुढे क्रमाने दिले आहे. युद्धेतिहासाच्या अभ्यासकाला, जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्याला किंवा नौदलाचे प्रात्यक्षिक पाहायला जाणाऱ्याला तो उपयोगी पडावा.

या जहाजांविषयी वाचताना किती रणगाडे मावतात आणि तोफा किती आहेत याच आकड्यांवर बहुतेकांची नजर जाते. माझ्या मते आधी पाहावयाचा आकडा वेगळाच आहे: पुढचा ड्राफ्ट आणि मागचा ड्राफ्ट, म्हणजे नाळेपाशी आणि पिछाडीपाशी जहाज पाण्यात किती बुडालेले आहे. या दोन आकड्यांतल्या फरकावर पुढचे सगळे अवलंबून असते.

आधी जहाज नेमके कोणते ते ठरवावे

तिन्ही जहाजे कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्समध्ये बांधली गेली. शार्दूल २००७ मध्ये, केसरी २००८ मध्ये आणि ऐरावत २००९ मध्ये नौदलात दाखल झाले. लांबी सुमारे १२५ मीटर, रुंदी १७.५ मीटर, पूर्ण भारासह विस्थापन साडेपाच हजार टनांहून थोडे अधिक, वेग १६ नॉटच्या आसपास, आणि पोटात ११ रणगाडे, १० इतर वाहने व ५०० सैनिक, असा यांचा ढोबळ तपशील आहे. चालवणारी डिझेल इंजिने किर्लोस्करांच्या कारखान्यात तयार झालेली पिलस्टिक जातीची आहेत. यांच्या आधीचा मगर वर्ग, म्हणजे १९८७ चे मगर आणि १९९७ चे घडियाल, आकाराने जवळपास तेवढाच आहे. मगर मे २०२३ मध्ये कोचीला निवृत्त झाले.

छायाचित्रावरून ओळख पटवताना सर्वाधिक फसगत नावांमुळे होते. नौदल आपल्या उतरण-जहाजांना प्राण्यांची नावे देते आणि जुने जहाज गेले की तेच नाव, कित्येकदा त्याच क्रमांकासह, नव्या जहाजाला देते. एल-१६ हा क्रमांक आजच्या शार्दूलचा आहे, तसाच तो पोलंडमध्ये बांधलेल्या, लांबीने दोन तृतीयांश भरेल एवढ्याच जुन्या शार्दूलचाही होता. एल-१५ आणि केसरी यांचेही तेच. १९७१ च्या युद्धातले घडियाल आणि १९९७ चे घडियाल ही दोन वेगळी जहाजे आहेत. म्हणून नुसते नाव किंवा क्रमांक पाहून आकडे उतरवून घेऊ नयेत. आधी छायाचित्राचे साल पाहावे आणि मग जहाजाच्या अंगाकडे वळावे. पोलिश जहाज लहान, सुमारे ८० मीटरचे असते. शार्दूलच्या मागच्या बाजूला हेलिकॉप्टरसाठी प्रशस्त सपाट डेक आहे आणि दोन्ही कुशींवर लहान उतरण-होड्या टांगलेल्या दिसतात. पोलिश जातीचे एक जहाज मराठी वाचकाला कदाचित लवकरच जवळून पाहता येईल, कारण जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेले गुलदार सिंधुदुर्गात निवतीजवळ पाण्याखालच्या संग्रहालयासाठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे देण्यात आले आहे. याच पोलिश जहाजांपैकी एकाचे नाव घोरपड होते, हे वाचून मराठी माणसाला वेगळेच काही आठवले तर नवल नाही.

जलाश्व या मोठ्या जहाजाला मात्र या हिशेबात धरू नये. ते अमेरिकेकडून घेतलेले, २००७ मध्ये दाखल झालेले लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक आहे. ते स्वतः किनाऱ्याला लागत नाही. आपल्या पोटातल्या हौदात पाणी घेऊन त्यातून लहान उतरण-नौका बाहेर सोडते.

तळाचा उतार काढावा

आता मुख्य हिशेबाकडे वळू. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ अमेरिकन एल.एस.टी.चे आकडे घ्यावेत, कारण ते जगजाहीर आहेत आणि सोयीने गोलही करता येतात. डंकर्कच्या माघारीनंतर ब्रिटिशांना रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारे समुद्रगामी जहाज हवे होते. सुरुवातीला त्यांनी व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराच्या उथळ पाण्यासाठी बांधलेली तेलवाहू जहाजे बदलून वापरली. पुढे नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकन नौदलाचे जॉन नीडरमायर यांनी ज्या जहाजाचा कच्चा आराखडा काढला, त्याच्या हजाराहून अधिक प्रती युद्धात बांधल्या गेल्या.

नीडरमायर यांच्यापुढचा पेच असा होता की महासागर ओलांडायला जहाज खोल बुडालेले हवे, नाहीतर सपाट तळाचे ते जहाज वाऱ्यावर भरकटते. आणि पुळणीला लागायला तेच जहाज उथळ हवे. त्यावर त्यांनी मोठ्या बॅलास्ट टाक्यांचा उपाय काढला. प्रवासात टाक्यांत समुद्राचे पाणी भरून जहाज खोल बसवावयाचे आणि किनारा जवळ आला की ते पाणी उपसून टाकून हलके करावयाचे. पूर्ण भाराने समुद्रात चालताना या जहाजाचा ड्राफ्ट पुढे सुमारे २.५ मीटर आणि मागे ४.३ मीटर असे. पुळणीला लागताना, साधारण ५०० टन माल घेऊन, तो पुढे सुमारे १ मीटर आणि मागे सुमारे ३ मीटर एवढा खाली येई.

लांबी १०० मीटर धरली तर नाळेपासून पिछाडीपर्यंत तळ २ मीटर खाली जातो. २ भागिले १००, म्हणजे तळाचा उतार ५० ला १. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. जहाजाची आखणीच ५० ला १ उताराच्या पुळणीसाठी झाली होती. कुठल्याही उतरण-जहाजाचे दोन ड्राफ्ट मिळाले की पहिली पायरी हीच: फरकाला लांबीने भागावे.

पुळणीचा उतार काढावा आणि दोन्ही ताडून पाहावेत

भारतीय किनाऱ्याचे सागरी नकाशे देहरादूनचे राष्ट्रीय जलालेखन कार्यालय प्रसिद्ध करते. अशा नकाशावर समान खोलीच्या रेषा असतात. किनाऱ्याला लंब अशी एक सरळ रेघ ओढावी आणि २ मीटर व ५ मीटर या खोलींच्या रेषांमधले अंतर मोजावे. समजा ते १५० मीटर भरले, तर १५० मीटरमध्ये ३ मीटर, म्हणजे ५० ला १. ते २४० मीटर भरले तर ८० ला १, आणि ७५ मीटर भरले तर २५ ला १.

आता या तिन्ही पुळणींवर आपले जहाज लावून पाहू. नाळेखाली १ मीटर आणि पिछाडीखाली ३ मीटर हे आकडे कायम आहेत.

५० ला १ उताराच्या पुळणीवर तळ आणि वाळू समांतर असतात, त्यामुळे जहाज सबंध लांबीभर एकदम बसते. नाळ टेकते तिथे पाणी १ मीटर असते आणि पाण्याची कड तिथून ५० मीटर पुढे असते. नाळेतून खाली पडणारा उतरता पूल, म्हणजे रॅम्प, काही मीटरच पुढे जातो, म्हणजे गाड्यांना जवळजवळ १ मीटर पाण्यातून चालत जावे लागते. टी-७२ रणगाडा खास तयारी न करता सुमारे १.२ मीटर पाणी ओलांडू शकतो, म्हणून तो निभावतो. साध्या ट्रकचे इंजिन मात्र आधी बंदोबस्त केलेला नसेल तर तिथेच गुदमरते.

२५ ला १ च्या पुळणीवर नाळ कडेपासून फक्त २५ मीटरवर टेकते. पिछाडीखाली तेव्हा ५ मीटर पाणी असते, म्हणजे पंखे आणि सुकाणू वाळूपासून २ मीटर वर राहतात. हे ऐकायला उत्तम वाटते आणि सुटून येताना ते खरोखर उत्तमच असते; पण जहाज फक्त नाकावर टेकलेले असल्यामुळे बाजूच्या लाटा त्याची शेपटी सहज फिरवतात. त्याविषयी पुढे येईल.

८० ला १ ची पुळण खरी अडचणीची असते, आणि नवशिक्याचा हिशेब नेमका इथे चुकतो. त्याला वाटते की पुळण जितकी सपाट तितके जहाजाला टेकणे सोपे. प्रत्यक्षात १०० मीटर लांबीत वाळू फक्त १.२५ मीटर खाली जाते आणि जहाजाचा तळ मात्र २ मीटर खाली जातो. म्हणून नाळ अजून तरंगत असतानाच पिछाडी आधी टेकते. कधी, तेही काढता येते: पिछाडीला ३ मीटर पाणी लागते, तेवढे पाणी पिछाडीखाली असताना नाळेखाली ३ वजा १.२५, म्हणजे १.७५ मीटर असते; आणि ८० ला १ च्या उतारावर १.७५ मीटर पाणी कडेपासून १४० मीटरवर असते. पंखे वाळूत, नाळ पाण्यावर आणि किनारा १४० मीटर दूर, अशी ही अवस्था आहे. रॅम्पच्या टोकाशी पाणी पावणेदोन मीटरच्या आसपास, म्हणजे टी-७२ ही तयारीवाचून जाऊ शकत नाही.

यावर पहिला उपाय बॅलास्ट हलवण्याचा. मागचे थोडे पाणी पुढे घेऊन ड्राफ्ट पुढे १.३७५ आणि मागे २.६२५ मीटर केला, तर सरासरी तीच राहून तळाचाही उतार ८० ला १ होतो आणि नाळ ११० मीटरपर्यंत जाते. तीस मीटर कमावले, पण समोरचे पाणी अजून १.३७५ मीटर आहे. दुसरा उपाय पोकळ लोखंडी पेट्या जोडून केलेल्या तरत्या पुलाचा. जुलै १९४३ मध्ये सिसिलीच्या सपाट पुळणींवर अमेरिकनांनी तो प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरला.

वाळूचा दांडा शोधावा

वरचा हिशेब पुळण एकसारखी उतरती आहे असे धरून केला आहे. प्रत्यक्ष पुळणी तशा नसतात. लाटा वाळू ओढून किनाऱ्याला समांतर दांडा तयार करतात आणि दांड्याच्या अलीकडे, किनाऱ्याच्या बाजूला, खोल चर राहतो. बाहेरून येणारे जहाज दांड्याला टेकते, कप्तानाला वाटते पुळण आली, रॅम्प पडतो, आणि समोर गुडघाभर पाण्याऐवजी डोक्यावरून जाईल इतके पाणी असते.

याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. डिसेंबर १९७१ मध्ये, पूर्व पाकिस्तानातील सैन्याचा म्यानमारकडे निसटण्याचा मार्ग अडवण्यासाठी, कॉक्स बझारजवळ भारतीय नौदलाने 'ऑपरेशन बीव्हर' या नावाने गुरखा पलटणीला उतरवण्याचा प्रयत्न केला. पुळणीची पुरेशी पाहणी करायला वेळ नव्हता. जहाज टेकले ते किनाऱ्यापासून दूर, आणि पुढे पाणी खोल निघाले. अंगावर सामान घेऊन उतरलेल्यांपैकी काही जवान बुडाले आणि उतरण थांबवावी लागली. उरलेल्यांना पुढे होड्यांतून न्यावे लागले. शत्रूचा एकही गोळीबार नसताना केवळ वाळूने हा घात केला, हे लक्षात घेतले म्हणजे नकाशावरच्या खोलीच्या आकड्यांकडे किती बारकाईने पाहिले पाहिजे ते कळते.

कागदावर काम करताना दांड्याची चाहूल अशी घ्यावी. किनाऱ्याकडे सरकताना खोलीचे आकडे क्रमाने कमी व्हायला हवेत; ५, ३, २, १ असे येता येता मध्येच १ नंतर पुन्हा २ दिसला तर तिथे चर आहे. आकड्याखाली रेघ मारलेली असेल तर तो खोलीचा आकडा नसून, नकाशाच्या शून्य पातळीपेक्षा जमीन तितके मीटर वर आहे, म्हणजे ओहोटीला ती उघडी पडते, असा त्याचा अर्थ आहे. हे ध्यानात न घेता २ ला खोली समजल्यास हिशेब ४ मीटरने चुकतो. तळ कशाचा आहे हेही नकाशा अक्षरांनी सांगतो: एस म्हणजे वाळू, एम म्हणजे चिखल, आर म्हणजे खडक. चिखल दिसला तर जहाज कदाचित टेकेल, पण रणगाडा रुतेल. खडक दिसला तर पुढचा हिशेब करण्याचे कारणच उरत नाही. शिवाय वाळूचे दांडे एका पावसाळ्यात जागा बदलतात, म्हणून नकाशाची पाहणी कोणत्या साली झाली ते कोपऱ्यात पाहून घ्यावे.

भरतीची वेळ निवडावी

नकाशातली खोली जवळपास नीचतम ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. त्या क्षणाची खरी खोली हवी असेल तर भरतीच्या कोष्टकातली पाण्याची उंची तिच्यात मिळवावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती-ओहोटी, असते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत लहान भरती-ओहोटी, असते, हे कोकणातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. पण नोव्हेंबर १९४३ मध्ये प्रशांत महासागरातल्या तारावा बेटावर अमेरिकनांनी भांगाच्या दिवशी उतरण केली, प्रवाळाच्या कठड्यावर होड्यांपुरते पाणी चढले नाही आणि सैनिकांना गोळ्यांच्या माऱ्यात शेकडो मीटर पाण्यातून चालावे लागले.

दोन टोकांमधल्या वेळी पाणी किती असेल हे काढायला खलाशांचा बाराव्या हिश्शाचा नियम पुरतो. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे सहा तास धरावेत; एकूण चढ-उताराच्या बारा भागांपैकी पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. समजा एकूण फरक ३.६ मीटर आहे. मग पहिल्या आणि शेवटच्या तासात ०.३ मीटर, दुसऱ्या आणि पाचव्यात ०.६ मीटर आणि मधल्या दोन तासांत प्रत्येकी ०.९ मीटर. ५० ला १ च्या पुळणीवर ०.९ मीटर म्हणजे पाण्याची कड तासाभरात ४५ मीटर सरकते. अशा वेळी टेकलेले जहाज डोळ्यांदेखत कोरडे पडते.

म्हणून पूर्ण भरतीच्या एक तास आधी टेकावे. पुढच्या तासात पाणी ०.३ मीटर चढते, त्यानंतरच्या तासात तेवढेच उतरते, आणि टेकल्यापासून दोन तासांनी पाणी पुन्हा त्याच पातळीला येते. ही दोन तासांची सवड मिळते. या सवडीत जहाज हलकेही होत जाते, आणि ते किती हे शार्दूलवरच काढून पाहावे. टी-७२ चे वजन सुमारे ४१ टन. असे ११ उतरले की सुमारे ४५० टन गेले. जहाजाची लांबी १२५ आणि रुंदी १७.५ मीटर, त्या चौकोनाचे क्षेत्रफळ जवळपास २,१९० चौरस मीटर, पण जहाज टोकांना निमुळते असल्याने त्याचे चार पंचमांश, म्हणजे १,७५० धरावेत. ४५० टनांना १,७५० ने भागले तर सुमारे पाव मीटर. रणगाडे उतरताच जहाज पाव मीटरने वर येते आणि उतरत्या भरतीचा पहिला तास जवळपास तेवढाच, ०.३ मीटर, पाणी नेतो. म्हणून उतरण चटकन झाली तर भरती फिरल्यावरही जहाज अडकत नाही. रेंगाळली तर दुसऱ्या तासाचे ०.६ मीटर कशानेच भरून निघत नाहीत.

मुद्दाम कोरडे पडण्याचीही एक पद्धत आहे. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीला वादळाने अमेरिकन तरते बंदर मोडल्यावर एल.एस.टी. जहाजे भरतीला पुळणीवर जात, ओहोटीत वाळूवर बसून राहत, गाड्या कोरड्या पायाने उतरवत आणि पुढच्या भरतीला निघून जात. तळ सपाट असल्यामुळे जहाज कलंडत नसे. त्यासाठी तळाखालची वाळू सगळीकडे सारखी टणक लागते आणि शत्रूची विमाने फिरकणार नाहीत अशी खात्री लागते.

पुळणीला जाताना काय काय पाहावे

प्रात्यक्षिकात जहाज किनाऱ्याकडे येऊ लागले की सगळे नाळेचे दरवाजे कधी उघडतात तिकडे पाहत असतात. त्याऐवजी पिछाडीकडे पाहावे. किनाऱ्यापासून जहाजाच्या दोन-तीन लांबींवर असतानाच मागचा नांगर खाली जातो आणि जहाज पुढे सरकते तशी त्याची तार सुटत राहते. एल.एस.टी.च्या यशापयशाचा मोठा वाटा या एका नांगरात आहे. परत येताना तीच तार गुंडाळून जहाज स्वतःला मागे ओढते, आणि टेकलेले असताना तीच तार शेपटी धरून ठेवते. ती सैल पडली तर बाजूचा वारा किंवा प्रवाह पिछाडीला ढकलतो, जहाज नाकाभोवती फिरते आणि किनाऱ्याला आडवे होऊन पडते. आडव्या पडलेल्या जहाजावर प्रत्येक लाट कुशीत आदळते आणि ते आणखी वर सरकते. मग स्वतःच्या बळावर सुटणे जवळपास अशक्य असते. म्हणून मघाची २५ ला १ ची पुळण दिसते तितकी सोपी नसते.

लाटांशी काटकोन राखणे आणि वेग बेताचा ठेवणे या बाकीच्या दोन गोष्टी. फार सावकाश गेल्यास सुकाणू ऐकत नाही, फार जोरात गेल्यास नाळ वाळूत इतकी रुतते की नंतर निघत नाही. टेकल्यावर पुढच्या बॅलास्ट टाक्यांत पाणी घेतात, कारण चढती भरती आणि कमी होणारे वजन यांमुळे जहाज हलून रॅम्प वाळूवरून उचलला जाऊ नये. मग दरवाजे उघडतात, रॅम्प पडतो आणि पहिले वाहन बाहेर येते. ते कोणते हे बंदरात भरतानाच ठरलेले असते: जे आधी लागणार ते शेवटी भरावयाचे आणि तोंड बाहेर करून उभे करावयाचे. बंद पोटात सगळ्या रणगाड्यांची इंजिने एकदम सुरू होतात तेव्हा धूर बाहेर काढणारे पंखे चालले नाहीत तर आतली माणसे बेशुद्ध पडतील. १९४२ मध्ये अमेरिकनांनी केवळ हे तपासण्यासाठी, समुद्रापासून शेकडो मैल आत, केंटकीतल्या फोर्ट नॉक्स येथे रणगाडा-डेकची हुबेहूब इमारत उभारली होती.

सुटून येताना

परतीचा क्रम उलटा असतो. रॅम्प वर, दरवाजे बंद, पुढच्या टाक्यांतले पाणी उपसून नाळ हलकी, मागच्या नांगराची तार ताठ, आणि मग इंजिने मागे. नवख्याला इंजिनांवर भरवसा वाटतो, पण पंखे जोरात उलटे फिरवले की ते तळाची वाळू उपसून जहाजाखाली पुढे ढकलतात आणि इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या नळ्यांतही वाळू जाते. म्हणून आधी तार आणि टाक्या आणि त्यांच्या जोडीला इंजिने, असा जाणत्यांचा भर असतो.

एवढे करूनही जहाज हलले नाही तर पुढची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. ती आधीच्या भरतीएवढी चढेल की नाही हे मात्र तिथीवर आहे. उधाणाकडे जाणाऱ्या दिवसांत पुढची भरती साधारण चढती असते आणि अडकलेले जहाज आपोआप उचलले जाते. ऐन उधाणाच्या माथ्यावर जो टेकला आणि अडकला, त्याच्यासाठी त्यापुढची प्रत्येक भरती आठवडाभर उतरतीच असते आणि तेवढे पाणी पुन्हा यायला साधारण पंधरा दिवस लागतात. म्हणून दिवस निवडताना उधाणाच्या दोन-तीन दिवस आधीचा निवडावा, आणि कोष्टकात त्या दिवसाची भरती पाहून झाली की तिच्या पुढच्या चार भरत्यांचे आकडेही त्याच कागदावर उतरवून ठेवावेत.